स्टुलाखालची चिठ्ठी

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आमच्या सांगलीत पहिला प्रश्न विचारतात तो नायगाराचा. मी सहा महिने राहून आले आणि नायगारा पाहिला नाही. पाहिला तो आयोवातला मका, मिसिसिपी नदी आणि एका लाकडी स्टुलाची खालची बाजू. ही शेवटची गोष्ट इतक्या वेळा पाहिली की अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रवासवर्णन वाचून माणसाला तिकडे जावंसं वाटावं म्हणतात. हे वाचून कुणाला तसं वाटेल असा भरवसा मी देत नाही.

नेपरव्हिल

२००७च्या जूनमध्ये मी मुलाकडे गेले. निखिल शिकागोत कॉम्प्युटरच्या कामाला आहे आणि राहतो तासाभरावरच्या नेपरव्हिलला. सकाळी तो ट्रेनने जायचा, सून केतकी गाडीने जायची, सात वर्षांची इरा पिवळ्या बसने जायची, आणि मागे मी आणि डिशवॉशर उरायचो. त्या यंत्रावर माझा विश्वास नव्हता. त्यात घालायच्या आधी भांडी मी घासून ठेवायची आणि केतकी कपाळाला हात लावायची. हा माझा स्वच्छतेचा सोस मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

शेजारच्या घरात डोरोथीबाई एकट्या राहायच्या. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, बोलणं सावकाश. त्यांना सगळे नुसतं डोरोथी म्हणत, इरासुद्धा. मला ते जमेना, म्हणून माझ्यापुरती मी 'बाई' जोडली. दुपारी आम्ही त्यांच्या मागच्या अंगणात चहा प्यायचो. माझं इंग्रजी शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाईचं, म्हणजे सनावळ्यांपुरतं पक्कं. त्यांना हल्ली शब्द आठवत नसत, मला मुळात ठाऊक नसत, त्यामुळे आमचं छान जमलं. इथे मी ते बोलणं मराठीतच लिहिते.

भाद्रपदात निखिलच्या घरी पाच दिवसांचा गणपती बसायचा होता. मूर्ती पुण्याहून आली होती, पण घरात चौरंग नव्हता. सगळं फर्निचर काचेचं नाहीतर भुशाच्या फळ्यांचं. डोरोथीबाईंना कळल्यावर त्या स्वतः एक स्टूल उचलून घेऊन आल्या. गुडघ्याएवढं उंच, ओक लाकडाचं, काळपट. पाय कातीव, चारी पट्ट्यांवर कोरलेली पानं आणि पुढच्या पट्टीवर सिंहाचं तोंड, त्याचं नाक झिजून गेलेलं.

"माझ्या आईचं आहे," त्या म्हणाल्या. "इंग्लंडहून आलंय. तुमच्या देवाला चालेल का?"

"चालेल म्हणजे काय, उत्तम चालेल," मी म्हटलं.

चालेल म्हटलं खरं, पण माझ्या मनात किडा वळवळायला लागला. मी काही सोवळ्याओवळ्याची बाई नाही, असं मी आयुष्यभर स्वतःला बजावत आले. पण या स्टुलावर शंभर वर्षं माणसं बसली असणार. कोण कोण बसलं असेल, काय काय खाऊन बसलं असेल? दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर मी ते मागच्या अंगणात नेलं. गरम पाणी, खायचा सोडा, लिंबू आणि तारेची घासणी घेऊन अंगात आल्यासारखी घासत सुटले. वरून घासलं, पाय घासले, मग उलटं केलं. खाली एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता, त्यावर तपकिरी शाईची काही अक्षरं. माझा चष्मा आत ओट्यावर होता. कुठल्यातरी दुकानाचं लेबल असेल असं वाटलं. शिवाय जुन्या सुताराचा सरस म्हणजे हाडं उकळून केलेला, आणि त्याच्या वर माझा गणपती बसणार! मी कागदावर गरम पाणी ओतलं, भिजू दिलं आणि नखाने, मग घासणीने, शेवटचा कण निघेपर्यंत खरवडलं. वाळल्यावर खोबरेल तेल लावलं. स्टूल चकाकायला लागलं आणि मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पाच दिवस गणपती त्यावर बसला. विसर्जनानंतर डोरोथीबाई स्टूल न्यायला आल्या. "किती सुंदर दिसतंय," म्हणाल्या, आणि सवयीने त्यांनी ते उलटं केलं. बराच वेळ बघत राहिल्या.

"चिठ्ठी कुठे आहे?"

मी काय केलं ते सांगितलं. त्या स्टूल सरळ करून त्यावरच बसल्या आणि त्यांनी मला त्या चिठ्ठीची हकीकत सांगितली. ती आधी सांगितली असती तर, असं मी पुष्कळदा म्हणते. पण मी तरी कुठे विचारलं होतं?

हे स्टूल इंग्लंडमधल्या एका मोठ्या घराच्या पुढच्या दालनातलं. निरोप घेऊन आलेला माणूस, काम मागायला आलेली पोर, अशांना आत बोलवेपर्यंत बसवायचं ते यावर. म्हणून त्याला गादी नाही. डोरोथीबाईंची आई एडिथ चौदाव्या वर्षी त्या घरी मोलकरीण म्हणून आली तेव्हा सकाळपासून दिवे लागेपर्यंत या स्टुलावर बसून होती. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. नऊ वर्षांनी ती लग्नासाठी अमेरिकेला निघाली, तेव्हा मालकिणीने विचारलं, तुला आठवण म्हणून काय देऊ? एडिथने स्टूल मागितलं. मालकीण हसली, पण तिने ते दिलं आणि आपल्या हाताने खाली चिठ्ठी चिकटवली: अमुक गावच्या घरातून, एडिथला, ती जाताना.

एडिथ त्याच गावात जन्मली होती. आयोवातल्या एका खेड्यात तिला पुरलं आहे. नवऱ्याच्या कबरीच्या दगडावर त्याचं गाव कोरलेलं आहे, तिच्या दगडावर नुसतं 'इंग्लंड'. गावाचं नाव आईच्या दगडावर यावं ही डोरोथीबाईंची शेवटची इच्छा. त्यांना विसरण्याचा आजार झाल्याचं डॉक्टरने वसंतातच सांगितलं होतं. त्यांनी उन्हाळ्यातच पाथरवटाला सांगून ठेवलं होतं, ऑक्टोबरात येते, जमीन गोठायच्या आत.

"आणि गावाचं नाव?" मी विचारलं.

"ते मी कधी पाठच केलं नाही. लिहिलेलं होतं ना."

मला रडू कोसळलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक नव्हतं. चिठ्ठीचं ठाऊक नव्हतं हे खरं. पण मी घासत काय होते, हे मला त्या क्षणी कळलं. दिवसभर बसवून ठेवलेल्या एका पोरीची जागा मी विटाळाची म्हणून घासली होती. आमच्या आजोळीही ओसरीच्या पायरीखाली तासन्‌तास ताटकळणारी माणसं होती, आणि त्यांना बसायला स्टूलही मिळत नसे. इतिहास शिकवत चौतीस वर्षं काढली मी.

गलीना

निखिलने कॉम्प्युटरवर शोधलं. एडिथचं माहेरचं आडनाव स्मिथ. त्या नावाच्या ढीगभर बायका बोटींतून उतरलेल्या. सांगलीत नुसतं 'पाटील' म्हणून शोधायला निघावं, तसंच ते. डोरोथीबाईंची ॲरिझोनातली भाची फोनवर म्हणाली, इंग्लंडमध्ये कुठेतरी, एवढंच मला माहीत. मग एके दिवशी बाईंना आठवलं की वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी हे स्टूल गलीना गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात दाखवलं होतं आणि त्या माणसाने आपल्या वहीत काहीतरी लिहिलं होतं. पाथरवटाचं खेडंही त्याच वाटेने पुढे. निखिलने शुक्रवारची रजा काढली आणि आम्ही निघालो. पुढे निखिल आणि मी, मागे डोरोथीबाई, त्यांच्या शेजारी पट्टा बांधून बसवलेलं स्टूल.

इलिनॉय सपाट आहे, परातीसारखं. दोन तास नुसता कापून टाकलेला मका आणि वर भलं मोठं आभाळ. मग अचानक डोंगर लागले, शिराळ्याकडे जाताना लागतात तसे, आणि त्यांवरची झाडं लाल, केशरी, पिवळी. निखिल म्हणाला, "आई, हे बघायला लोक लांबून ड्राइव्ह करून येतात." मी बघत होते. छान होतं. माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

मागून डोरोथीबाईंनी विचारलं, "आपण कुठे चाललोय?"

"तुमच्या आईच्या गावाचं नाव शोधायला."

"त्यासाठी इतक्या लांब कशाला? ते खाली लिहिलंय." त्यांनी पट्टा सोडून स्टूल मांडीवर उलटं घेतलं. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता. "अरे देवा. चिठ्ठी कुठे गेली?"

मी मान वळवून सांगितलं, मी घासून काढली. त्यांचा चेहरा पहिल्या दिवशी पडला होता तसाच पडला. थोड्या वेळाने म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, ही कबुली एकदाच द्यायची असते.

"आई, तू दर वेळी 'मी केलं' असं कशाला सांगतेस?" निखिल मराठीत म्हणाला. "चिठ्ठी पडली म्हण. सिम्पल. तिला तसंही लक्षात राहणार नाहीये."

"मी केलं, तर मीच सांगणार. खोटं बोलायला मी तुला शिकवलं नाही."

हे वाक्य मी तेव्हा फार ताठ्याने बोलले.

गलीना टेकडीवर चढत गेलेलं गाव, विटांची जुनी घरं, रस्ताभर खेळण्यांची आणि मिठायांची दुकानं. आम्हाला हवा होता तो दुकानदार वारला होता. मुलगा दुकान चालवत होता, साठीचा, विजार दोन पट्ट्यांनी खांद्याला अडकवलेली. त्याने काही न कुरकुरता बापाच्या वह्या काढल्या. पाऊण तास तो पानं उलटत होता आणि आम्ही तिघं एका बाकावर ओळीने बसलो होतो.

"सापडलं!" तो म्हणाला. निखिल उठून उभा राहिला. त्याने मोठ्याने वाचलं: "हॉल स्टूल, इंग्लिश, ओक, कोरीव, पुढे सिंहमुख. खाली हस्तलिखित चिठ्ठी, मूळची. सुवाच्य."

"पुढे?" मी विचारलं.

त्याने पान उलटून पाहिलं. पुढे एका घड्याळाची नोंद होती.

"सुवाच्य," तो पुन्हा म्हणाला, आणि बापाच्या वतीने ओशाळला. माझ्या वडिलांना वाटलं असेल चिठ्ठी आहेच तर उतरवून कशाला घ्यायची, असंही म्हणाला. त्याने स्टूल उलटं करून पाहिलं, हात फिरवला आणि हळू आवाजात निखिलला विचारलं, हे कुणी केलं? मी हात वर केला, वर्गातल्या पोरासारखा.

रात्रीचा मुक्काम रस्त्याकडेच्या मोटेलात. मी बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. डोरोथीबाईंनी दशमी जॅम लावून खाल्ली आणि दोनदा मागितली. चांगलं जेवलं माणूस की मला बरं वाटतं. त्या दिवशी तेही वाटलं नाही.

नदीपलीकडे

सकाळी मिसिसिपी ओलांडली. नकाशावर मी ही नदी मुलांकडून हजारदा काढून घेतली असेल. पुलावरून ती रुंद, मातकट आणि आपल्याच नादात चाललेली दिसली. महापुरातल्या आमच्या कृष्णेपेक्षा काही फार वेगळी नाही. डोरोथीबाई म्हणाल्या, त्यांची आई ही नदी पहिल्यांदा ओलांडताना स्टूल मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाल्या, "नाव खाली लिहिलंय, बघा हं." मी तिसऱ्यांदा सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. मला ते प्रत्येक वेळी जास्त कळत होतं.

गलीनाच्या दुकानदाराने एका विद्यापीठाचं नाव दिलं होतं. तिथे जुन्या लाकडी वस्तूंची डागडुजी करणारी एक बाई होती. शनिवार असूनही ती आमच्यासाठी प्रयोगशाळा उघडून बसली. पन्नाशीची, आखूड केस, हातात पातळ मोजे. कॉफी दिली, डोरोथीबाईंना चांगली खुर्ची दिली. इतकी भली माणसं त्या तीन दिवसांत भेटली, की कुणावर रागावण्याचीही सोय राहिली नाही.

ती म्हणाली, शाई कधी कधी कागदातून लाकडात उतरते. डोळ्यांना दिसत नाही, पण जांभळ्या दिव्याखाली दिसते. तिने खोली अंधारली आणि दिवा लावला. स्टुलाची खालची बाजू उजळली. मधोमध एक फिकट चौकोन स्पष्ट दिसला, पोस्टकार्डाच्या आकाराचा.

चौकोनात गोल गोल ओरखडे चमकत होते, शेकडो.

"इथे कुणीतरी तारेने घासलंय," ती म्हणाली. तिला माझं ठाऊक नव्हतं. "गोलाकार, अगदी कसून. एक कोपरासुद्धा सोडलेला नाही. सोड्याने लाकूडही जळलंय. शाई उतरली असती तर याच थरात असती."

"आणि थर?" निखिलने विचारलं.

"थर नाही."

"कोरीवकामावरून काही?" मी विचारलं. तिने मान हलवली. अशी सिंहाची तोंडं इंग्लंडभर शेकडो सुतारांनी कोरली. गाव कळायला चिठ्ठीच हवी. वस्तू कुठून कुठून हातोहात आली याची साखळी असते, म्हणाली, आणि मधली एक कडी तुटली की पुढचं सगळं ऐकीव.

चौतीस वर्षं मी मुलांना शिकवत आले, पुरावा, पुरावा, पुराव्याशिवाय इतिहास नाही. माझ्या हाताची सफाई त्या दिव्याखाली इतकी स्वच्छ दिसत होती, की तिथून पळून जावंसं वाटलं. अंधारात डोरोथीबाईंनी विचारलं, "काय दिसतंय? नाव आहे का?" मी चौथ्यांदा सांगितलं. या वेळी त्या 'तुम्हाला ठाऊक नव्हतं' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं आणि रुमाल काढला.

बाहेर आल्यावर निखिल गाडीला टेकून उभा राहिला. "आई, आता बस्स झालं यार. घरी जाऊ. त्या स्टोन कार्व्हरला कॅन्सल कर म्हणून फोन करतो."

"त्यांना आईचा दगड तरी बघू दे. पुढच्या वर्षी त्या तो ओळखतील का?"

त्याने खिशातून किल्ली काढली. गाडी पुन्हा उत्तरेला निघाली.

दगडांचं गाव

एडिथचं खेडं म्हणजे एक चर्च, एक धान्याची उंच कोठी, शंभरेक घरं आणि चहूकडे मका. आपल्याकडे एवढ्या खेड्यात गाडी आली की पोरं जमतात, म्हातारे 'कुठलं गाव पाव्हणं?' विचारतात. इथे रविवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाईंनी जुनी नोंदवही दाखवली. लग्नाच्या नोंदीत नवऱ्याचं गाव, त्याच्या बापाचं गाव. एडिथपुढे एकच शब्द, इंग्लंड. मोलकरणीला गाव विचारायची गरज तिथेही कुणाला वाटली नव्हती.

स्मशान चर्चच्या मागेच. गवत कापलेलं, दगड ओळीने, वारा सोसाट्याचा. डोरोथीबाई चालत थेट दगडापाशी गेल्या, एकदाही चुकल्या नाहीत. हातमोजा काढून त्यांनी आईचं नाव पुसलं. त्याखाली पुष्कळ जागा मोकळी होती. मी पदर कानांवरून घट्ट ओढून उभी होते. आमच्याकडे माणूस जाळून राख नदीत सोडतात, मागे काही ठेवत नाहीत. मला ते नेहमी कठोर वाटायचं. त्या दिवशी वाटलं, आपलंच शहाणपणाचं.

पाथरवटाचं घर समोरच होतं. दाराशीच शेड, आत अर्धवट दगड. म्हातारा, जाड बोटांचा माणूस, अंगावर पांढरी धूळ. रविवार असूनही बाईंसाठी थांबला होता. निखिल त्याला बाजूला घेऊन रद्द करायचं सांगणार, एवढ्यात डोरोथीबाई आत शिरल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"आणलंय मी," त्या म्हणाल्या. "नाव आणलंय."

पाथरवटाने कागद ओढला आणि कानामागची पेन्सिल काढली. "सांगा."

डोरोथीबाई थांबल्या. त्यांच्या ओठांची हालचाल झाली. नाव आत कुठेतरी आहे आणि येत नाही, अशी ती धडपड बघवत नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पूर्ण विश्वासाने पाहिलं, हुशार मुलीकडे मास्तर पाहतो तसं.

"स्टुलाखाली लिहिलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचलंय ना? सांगा त्यांना."

पाचव्यांदा सांगायला मी तोंड उघडलं. मला ते सांगता आलं नाही. दया म्हणाल तर होती, पण त्याहून जास्त मी दमले होते. तो चेहरा आणखी एकदा पडताना मला पाहायचा नव्हता. बी.एड.ला असताना आम्ही महिनाभर पाचगणीला राहिलो होतो. तिथे उताराला एक बंद पडलेला दगडी बंगला होता, फाटकावर साहेबाने घातलेलं नाव. ते कुठल्या कप्प्यातून वर आलं, ठाऊक नाही.

"फर्नबरी," मी म्हटलं.

"फर्नबरी," डोरोथीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "हो. हो, फर्नबरी. तेच."

पाथरवटाने लिहिलं. अक्षरं विचारली, मी एकेक सांगितली. त्याने कागद बाईंना दाखवला आणि त्यांनी बोटाने प्रत्येक अक्षरावरून वाचलं.

परत

निखिलने गाडी खेड्याबाहेर काढली. मग मराठीतच, समोर बघत म्हणाला, "आई, ते नाव कुठून आणलंस?"

"पाचगणीहून."

"ते दगडावर कोरणारेत, आई. परमनंट आहे ते."

"माहीत आहे."

"थांबवू का? अजून फोन करता येईल."

मागे डोरोथीबाई स्टुलावर हात ठेवून बसल्या होत्या आणि खिडकीबाहेर बघत होत्या. "फर्नबरी," त्या म्हणाल्या, कुणालाही नाही, नुसतंच. आईने सांगितलेल्या गोष्टी त्या आठवून बोलायला लागल्या. फर्नबरीत एक ओढा होता, फर्नबरीच्या चर्चची घंटा फुटकी होती. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. निखिलने आरशात पाहिलं आणि फोनचा विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. सबंध नदी, डोंगर आणि मका पार होईपर्यंत त्या बोलत होत्या, आणि त्यांनी स्टूल एकदाही उलटं केलं नाही.

त्या ते नाव विसरतील, याची मी वाट बघत होते. निदान तेवढं तरी त्या विसरतील, असं वाटलं होतं. खरं चार वेळा सांगितलं, ते चारही वेळा पुसलं गेलं. खोटं एकदाच बोलले आणि ते राहिलं. आठवड्याने त्यांच्याकडे चहाला गेले तर स्टुलाखाली नवी चिठ्ठी होती, कापऱ्या अक्षरात, नीट चिकटवलेली. नोव्हेंबरात पाथरवटाने दगडाचा फोटो पाठवला. अक्षरं खोल आणि सुरेख होती. इराने आपल्या शाळेच्या वहीत डोरोथीच्या आईवर चार ओळी लिहिल्या, त्यातही ते नाव आलं. मी तिला थांबवलं नाही. काय सांगून थांबवणार होते? पाच मिनिटांपुरता कुणाचा विश्वास बसावा म्हणून बोललेली गोष्ट आता आजूबाजूच्या सगळ्यांनी खरी करून टाकली होती.

नोव्हेंबर संपता संपता डोरोथीबाई घसरून पडल्या. भाची ॲरिझोनाहून आली आणि तिने त्यांना गावातल्याच एका वृद्धनिवासात ठेवलं. डिसेंबरात माझं विमान होतं. आदल्या दिवशी मी ठरवून गेले. खरं सांगायचंच, मग त्यांना लक्षात राहो न राहो. निखिलने मला दाराशी सोडलं. बर्फ पडत होता.

खोलीत खाट, खिडकी, एक खुर्ची आणि भिंतीशी ते स्टूल. डोरोथीबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परक्या माणसाकडे हसतात तसं सभ्य हसल्या.

"मी शेजारची," मी म्हटलं. "निखिलची आई."

"भेटून आनंद झाला," त्या म्हणाल्या. बसायला खुर्ची एकच होती म्हणून त्यांनी स्टुलाकडे हात केला. मी बसले. गादी नसलेली ती बैठक खरंच कडक होती. काय बोलायचं ते मी घरून पाठ करून आले होते. माझी वाक्यं जुळेपर्यंत त्या पुढे झुकल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"तुम्ही बसलात ना, ते माझ्या आईचं आहे," त्या म्हणाल्या. "माझी आई कुठली होती, ठाऊक आहे तुम्हाला?"

मी नाही म्हटलं.

"फर्नबरीची," त्या म्हणाल्या.